पायगेमच्या खिडकीतच कमांड टाइप करायची सोय करायलोय, पण गेम गोठायलाय

टँकर_एमएच२४:
मंडळी, २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आलती ना, त्यावर पायगेममध्ये (पायथॉनची गेम करायची लायब्ररी) गेम करायलोय, वाघिणी (रेल्वेचे डबे) भरायच्या, गळती सांभाळायची अन् गाव गाठायचं. पहिल्या फेरीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पण एक बग बघायला दरवेळी मिरजेपासून खेळत बसावं लागतंय, म्हणून गेम चालू असतानाच पाणी वाढवता यावं असं वाटलं. लूपमध्ये इनपुट() टाकलं तर खिडकी पांढरी पडून 'नॉट रिस्पॉन्डिंग'. काय करू?

गोदाकाठ_२६:
इनपुट() एंटर दाबेपर्यंत तिथंच अडवून धरतंय भाऊ, कळ दाबली, खिडकी बंद केली असले इव्हेंट कोण उचलणार मग? ते काढून टाक. कीडाउनमधून (कळ दाबल्याचा इव्हेंट) बॅकस्पेस, एंटर, वरचा बाण एवढंच घे अन् अक्षरं टेक्स्टइनपुट इव्हेंटमधून घे, नाहीतर मराठी टाइपच होईना. एंटर दाबलं की ती ओळ पायथॉनच्याच 'कोड' मॉड्यूलमधल्या इंटरॲक्टिव्हकन्सोलच्या पुश()ला दे, ते ओळ लगेच चालवतंय. ट्रू परत आलं तर समजायचं ओळ अर्धी आहे, अजून पाहिजे. प्रिंट रीडायरेक्ट_एसटीडीआउटनं पकडायचं, एरर मात्र राइट() मधून येतेत, ते ओव्हरराइड कर. माझा अर्धा दिवस त्यातच गेलता.

टँकर_एमएच२४:
चाललं की लका! पण 'पाणी = ५०००००' मारलं तर सिंटॅक्स एरर, अन् इंग्रजी आकड्यानं मारलं तर एरर नाही पण टाकीतलं पाणी हलंना. शिवाय बॅकटिकच्या (`) कळीनं कन्सोल (कमांड टाइप करायची जागा) उघडला की तेच चिन्ह आत टाइप होऊन बसतंय.

बीडकर_कोडर:
व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतंय, कोडमधला आकडा मात्र इंग्रजीच लागतो. अन् तू लोकल्समध्ये (कन्सोलला द्यायची नावं) नुसतं पाणी दिलं असशील, मग कन्सोलच्या डिक्शनरीतलं नाव बदलतंय, गेमला पत्ताच नाही. अख्खा गेम ऑब्जेक्ट दे अन् 'गेम.पाणी = 500000' लिही. बॅकटिकचं म्हणशील तर कीडाउनच्या मागून टेक्स्टइनपुट येतंच, ते एक अक्षर गाळून टाक.

गोदाकाठ_२६:
अन् कन्सोलमध्ये एक्झिट() मारू नको, गेमच बंद पडतो, सिस्टमएक्झिट पकडून ठेव. व्हाइल ट्रू (न थांबणारं लूप) लिहिलंस तर परत तीच पांढरी खिडकी. अन् पब्लिकला गेम देताना हे सगळं काढ बरं का, नाहीतर पोरं पहिल्याच मिनिटात टाकी भरून मोकळी.

टँकर_एमएच२४:
गेम.पाणी चाललं 🙏 गळतीचा बग पण सापडला, आता लाइट गेली, संध्याकाळी कोड टाकतो.