मदत हवी आहे : ॲपिस्टोच्या अंड्यांवर बुरशी

नमस्कार मंडळी, माझ्याकडे कॅकॅटुइडिस ॲपिस्टोग्रामा (ॲपिस्टो) या छोट्या शोभेच्या माशांची जोडी आहे. टाकी 60×30×30 सेंमी, स्पंज फिल्टर, बारीक वाळू, बदामाची पानं, तापमान 26 अंश. मादी पिवळीधमक होते, करवंटीच्या आत छताला लालसर अंडी चिकटवते, पंखांनी सतत वारा घालते. पण दुसऱ्या दिवशी बरीच अंडी पांढरी पडतात, त्यांवर कापसासारखी बुरशी येते आणि मादी उरलेलीही खाऊन टाकते. खरं तर 2-3 दिवसांत ती फुटायला हवीत.

पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 450, पीएच 7.8. माझा संशय पाण्याच्या कडकपणावरच आहे. पण नर अंडी नीट फळवत नसेल, तरीही ती अशीच पांढरी पडतात. करवंटीचं तोंड नराला अरुंद पडत असेल का?

तीन भाग आरओ (टीडीएस 30) आणि एक भाग बोअर मिसळलं तर टीडीएस साधारण 135 येतो. दर आठवड्याला 20 टक्के असं पाणी बदलत गेलो तर मासे सोसतील ना? आणि नराला अंडी घातल्यावर लगेच वेगळं काढायचं, की पिल्लं पोहायला लागेपर्यंत राहू द्यायचं? दोन फुटी टाकीत मादी त्याला कोपऱ्यात दाबून ठेवते, त्याचीही काळजी वाटते.