पावणेदोन लाखात जुनी छोटी गाडी कुठली घ्यावी? (खानापूर-बेळगाव, नवीन ड्रायव्हर)

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. घरच्यांना गेल्या महिन्यात लायसन मिळालं. रोज खानापूर-बेळगाव, एका बाजूला २६ किलोमीटर. बजेट पावणेदोन लाख, त्यातच नाव ट्रान्स्फर, इन्शुरन्स, टायर सगळं आलं. पॉवर स्टीअरिंग पायजेच. गाडी अंगणात उघड्यावर राहणार, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. अल्टो ८००, अल्टो के-टेन की जुनी वॅगन आर? एमएच-०९ (कोल्हापूर पासिंग) च्या गाड्या पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त दिसतात, त्या बघू का?

टिळकवाडी_ऑटो:
सेलेरिओ ऑटोमॅटिक घ्या ओ, २०१७ च्या पुढची. नवीन माणसाला क्लचची कटकटच नको. साडेतीनला चांगली मिळते.

खानापूरकर:
पावणेदोन म्हटलंय की.

टिळकवाडी_ऑटो:
मग वर्षभर थांबा. घाई कसली?

उद्यमबाग_मेस्त्री:
मॉडेल नंतर, आधी गाडी बघायला शिका. सकाळी जा, आणि मालकाला सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड स्टार्टला काहीतरी लपवायचंय, परत दुसऱ्या दिवशी जा. चालू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा येतोच, पण इंजिन तापल्यावरही दाट येत राहिला तर कूलंट आत शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केट. आता ऑइलचं झाकण काढून, इंजिन चालू ठेवूनच, उलटं त्याच भोकावर ठेवा. झाकण नुसतं थरथरलं तर चालेल. उडून पडायला लागलं आणि भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तिथूनच नमस्कार करून परत या. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखं पांढरट दिसलं तरीही तेच करा.

क्लच: हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. गाडी लगेच बंद पडली पायजे. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं तर प्लेट संपली.

चिकोडीवाला:
मेस्त्रींनी सगळं सांगितलंच. थंड इंजिनवर बघा, ते महत्त्वाचं. बाकी वॅगन आर डोळे झाकून घ्या. माझीला इतकी वर्षं झाली, पंप आणि टायर सोडून काही नाही. उंच बसायला मिळतं, नवीन माणसाला पुढचं दिसतं.

शहापूर_जुना_पूल:
डोळे झाकून म्हणे. चांगली वॅगन आर अडीचच्या खाली दाखवा बघू.

खानापूरकर:
एमएच-०९ चं कुणीच बोलेना.

निपाणीचा_अण्णा:
अजिबात नको. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पुढं कोल्हापूरहून एनओसी म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), इथं नवा नंबर (फॉर्म २७), आणि गाडीच्या वयाप्रमाणं कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स परत भरायचा. महाराष्ट्रात भरलेल्याचा परतावा पहिल्या मालकानं किंवा तुम्ही मागत बसायचा. वाचलेले तीस हजार तिथंच जातात.

शहापूर_जुना_पूल:
बेळगावात शेकड्यानं एमएच गाड्या फिरतात, त्याचं काय?

निपाणीचा_अण्णा:
फिरतात की. पकडतातही. आणि गोव्याच्या स्वस्त गाड्यांच्या नादीही लागू नका, खाऱ्या हवेनं दाराच्या खालच्या कडा आणि फ्लोअर आधी जातं.

उद्यमबाग_मेस्त्री:
आता मॉडेलचं. अल्टो ८०० घेतली तर एलएक्सआय व्हेरियंटच्या खाली नको, खालच्यांना पॉवर स्टीअरिंग नाही. ८०० ला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) आहे, के-टेनला आणि २०१० नंतरच्या वॅगन आरला चेन. बेल्टवाली गाडी लाख किलोमीटरजवळ पळलेली असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर बेल्ट आणि टेन्शनरचे पैसे किमतीतून कापून घ्या. जुन्या सँट्रोत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, मग खर्च हेडपर्यंत जातो. मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर ४० हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं नसतं. टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, सहा वर्षांचा टायर पावसात धरत नाही. ह्युंदाईची इऑन मात्र नको, परत विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

अनगोळ_७७:
जुलै २०१९ नंतर बनलेली बघा, ड्रायव्हर एअरबॅग तेव्हापासून सक्तीची झाली. तीन लाखाच्या आत येईल.

खानापूरकर:
😐

चिकोडीवाला:
आमच्या भागातली किंवा सांगली-कोल्हापूरकडची गाडी बघताना २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा, एरवी आत गुंडाळून राहणारा पट्टा. पुरात बुडालेल्या गाडीत तिथं चिखलाची फिकट तपकिरी रेघ राहते. सीटची पटरी गंजलीय का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा.

निपाणीचा_अण्णा:
आणि उघड्यावर ठेवणार तर उंदीर! वायरिंग खातात. बॉनेटखाली तंबाखूचं पान ठेवा.

शहापूर_जुना_पूल:
निपाणीकर दुसरं काय सांगणार.

उद्यमबाग_मेस्त्री:
पान आठवडाभरात वाळतं, वास जातो. दर आठवड्याला बदललं तरच उपयोग. रोज चालणाऱ्या गाडीत उंदीर तसाही कमी बसतो. त्यापेक्षा वायपरखालच्या जाळीतला पाला काढत राहा, पाणी तुंबून तिथूनच पायाशी येतं.

अनगोळ_७७:
कागदाचं कुणी बोललंच नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि दंड बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पैसे नकोत. नाव ट्रान्स्फरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, पॉलिसी मात्र १४ दिवसांत नावावर करा. १००० सीसीच्या आत थर्ड पार्टी इन्शुरन्स २०२२ च्या दरानं २०९४ रुपये अधिक जीएसटी, वर १५०० पर्यंत गेलात की ३४१६.

टिळकवाडी_ऑटो:
सेलेरिओही ९९८ सीसीच आहे, सांगून ठेवतो.

खानापूरकर:
सगळ्यांचे आभार. काल घेतली. इऑन ०.८ मॅग्ना, २०१४, केए-२३, एकच मालक, एक लाख अडतीस हजार. टायमिंग बेल्टचं बिल आहे, पॉवर स्टीअरिंग आहे. मागचे दोन टायर २०१६ चे, ते आजच बदलतोय.

उद्यमबाग_मेस्त्री:
इऑन नको म्हणून सांगितलं होतं.

खानापूरकर:
गिऱ्हाईक मिळत नाही म्हणूनच एवढ्यात मिळाली की. आम्हाला विकायची नाही, भिंतीला घासत शिकायचीय. झाकण उलटं ठेवून बघितलं, जागचं हललं नाही. तिसऱ्या गिअरला लगेच बंद पडली.

चिकोडीवाला:
केए-२३ म्हणजे आमच्याकडची. सीटबेल्ट?

खानापूरकर:
चारही ओढले. शेवटपर्यंत कोरे.