मदत हवी आहे : लाल बावटा कलापथकाबद्दल

नमस्कार मंडळी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकावर मी वाचतोय. त्यांची शाहिरी म्हणजे नुसता कम्युनिस्ट पक्षाचा प्रचार, हे मला अजिबात पटत नाही. गण-गवळणीचा तमाशा मोडून त्यात कामगार, सावकार आणणं ही कलेतलीच मोठी उडी होती. पण मार्क्सवादी चौकटीत जातीचा प्रश्न कुठे बसतो? 'फकिरा' ही कादंबरी तर अण्णाभाऊंनी बाबासाहेबांना अर्पण केलीय. यावर मराठीत गंभीर लेखन कुणी सुचवेल का? कुणाच्या घरी पथकाची जुनी पत्रकं, फोटो असतील तर कृपया कळवा, मी येऊन बघेन.