काउन्सिलची घरं सांभाळणाऱ्या संस्थेचा अहवाल कसा वाचायचा? (इंग्लंड)

ओसरी:
नमस्कार मंडळी. आम्ही पूर्व लंडनमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, फ्लॅटमध्ये राहतो. घरं काउन्सिलची, पण भाडं, दुरुस्त्या, लिफ्ट, जिन्याची सफाई हे सगळं बघायला काउन्सिलनेच काढलेली एक वेगळी कंपनी आहे. तिचा करार संपत आलाय. तो वाढवायचा की कारभार काउन्सिलने परत स्वतःकडे घ्यायचा, हे ठरण्याआधी भाडेकरूंच्या पॅनेलला मत विचारणार आहेत. त्या पॅनेलवर मी आहे. शेजारच्या सिल्हेटी आजींनी माझं नाव घातलं, "तू भांडतेस छान" म्हणून.

आता हातात जाडजूड अहवाल आलाय. पानोपानी हिरवे ठिपके. दुरुस्त्या वेळेत, हिरवा. तक्रारी कमी, हिरवा. गॅस तपासणी, हिरवा. आणि माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर मागच्या हिवाळ्यापासून बुरशी आहे. नवऱ्याने चाळून परत दिला आणि म्हणाला, "संस्था फारच चांगली दिसते. आपण हिच्याच घरात राहतो ना?"

नुसतं "माझ्या घरात बुरशी आहे" म्हटलं तर एकटीचं रडगाणं होईल. बैठकीत नेमकं काय विचारू?

रंधा:
ताई, मी बर्मिंगहॅमकडे एका हाउसिंग असोसिएशनमध्ये (ना-नफा तत्त्वावर घरं भाड्याने देणारी संस्था) दुरुस्तीची कामं वाटून देतो. हिरवा ठिपका कसा तयार होतो ते रोज बघतो. त्यात बहुतेक वेळा लबाडी नसते, मोजायची पद्धतच तशी आहे.

"दुरुस्त्या वेळेत" घ्या. ही मुदत संस्था स्वतःच ठरवते. रेग्युलेटर, म्हणजे अशा घरांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा, फक्त ती जाहीर करायला लावतो. साध्या कामाला कोणी महिना धरतं, कोणी त्याहून बराच जास्त. शिवाय टक्केवारी निघते ती पूर्ण झालेल्या कामांवर. तुमचं छत अजून बाकी असेल तर ते त्या हिशेबात कुठेच नाही. आणि माणूस येऊन रंग मारून गेला की काम 'पूर्ण'. बुरशी परत आली की नवा नंबर, नवी मुदत. म्हणजे एकच छत दोनदा वेळेत दुरुस्त!

म्हणून विचारा: आज बाकी कामं किती, त्यातलं सगळ्यात जुनं कधीचं, आणि एकाच कारणासाठी वर्षात दुसऱ्यांदा माणूस पाठवावा लागला अशी घरं किती? हे आकडे त्यांच्या सिस्टिममध्ये असतात. अहवालात मात्र क्वचित येतात.

तक्रारी कमी असणं चांगलंच असं समजू नका. फोन केलात तर ती बऱ्याचदा 'सेवेची विनंती' म्हणून नोंदली जाते. तक्रार म्हणून नोंदली गेली तर ऑम्बुड्समनच्या (घरांच्या तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारा) नियमावलीप्रमाणे संस्थेला पहिल्या टप्प्याच्या उत्तराला 10 आणि दुसऱ्याच्या उत्तराला 20 कामकाजाचे दिवस मिळतात. 1 एप्रिल 2024 पासून ही नियमावली कायद्याने बंधनकारक आहे.

रेग्युलेटरने ठरवून दिलेली एकूण 22 मोजमापं प्रत्येक संस्थेला जाहीर करावी लागतात. 12 भाडेकरूंना विचारून काढलेली, 10 संस्थेच्या स्वतःच्या नोंदींवरून. आधी ती 12 वाचा. 2023-24 मध्ये देशभरात एकूण समाधान साधारण 71 टक्के होतं, पण तक्रार केलेल्यांना ती कशी हाताळली असं विचारलं तर जेमतेम 35. तुमच्याकडे हा दुसरा आकडा किती आहे? आणि सर्वेक्षण फोनवर केलं की ऑनलाइन, तेही बघा. फोनवर लोक जरा गोड बोलतात.

बुरशीचं मात्र पॅनेलसाठी थांबवू नका. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीच्या घरात राहून डिसेंबर 2020 मध्ये गेला. त्याच्या नावाचा कायदा 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय. ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की 10 कामकाजाच्या दिवसांत तपासणी, धोका ठरला तर पुढच्या 5 कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं. जिवावरचं असेल तर 24 तास. ईमेलच करा, तारीख राहते.

टेम्सकाठचा:
रंधांनी आकड्यांचं सांगितलं, मी कराराचं सांगतो. वेगळी कंपनी उभी केली की काउन्सिलची जबाबदारी संपली, असं होत नाही. लंडनच्याच केन्सिंग्टन-चेल्सी भागात काउन्सिलची घरं सांभाळायला अशीच वेगळी संस्था होती. तिथल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या रहिवाशांनी आगीआधी इशारे दिले होते, कोणी ऐकलं नाही. 14 जून 2017 च्या आगीत 72 माणसं गेली. पुढच्या वर्षी काउन्सिलने कारभार स्वतःकडे घेतला. पण घरमालक आधीही काउन्सिलच होतं ना? आजही रेग्युलेटर सी1 (सर्वांत चांगली) ते सी4 (सर्वांत वाईट) श्रेणी देतो ती काउन्सिललाच, तिच्या कंपनीला नाही.

बरं, कारभार परत घेतला की कर्मचारी सहसा तेच येतात, सॉफ्टवेअरही बऱ्याचदा तेच. तेव्हा काउन्सिललाही विचारा: इतकी वर्षं या कंपनीवर लक्ष कोण ठेवत होतं, आणि त्याने काय पकडलं? उत्तर गुळमुळीत आलं तर करार कोणाकडेही जावो, मला फार आशा नाही.

ओसरी:
दोघांचेही आभार. ईमेल काल रात्रीच गेला, फोटोंसकट. बाकी कामांची यादीही मागितली, तर "भाडेकरूंची खासगी माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर आलं. आता?

रंधा:
अपेक्षितच. यादी मागूच नका, इमारतवार आकडे मागा: किती कामं बाकी, किती दिवसांपासून, कसली. त्यात नाव नाही, घर क्रमांक नाही. कंपनी पूर्ण काउन्सिलच्या मालकीची असेल तर तिला माहिती अधिकाराचा कायदा (Freedom of Information Act) लागू आहे, 20 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बैठक त्याआधी असेल तर आजच टाका, आणि अर्ज दिलाय हे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.