दुर्मीळ ऑर्किड ऑनलाइन मागवलं, हाती आलं भलतंच: नुकसान कोणी सोसायचं?

धागाकर्ती:
'जिवंत माल आहे, परतावा मिळणार नाही' ही अट मला अजिबात मान्य नाही. मी 'फुलायच्या वयाचं' पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम जातीचं ऑर्किड मागवलं होतं. खोक्यातून निघालं बोटभर पानांचं पिल्लू. विक्रेता म्हणतो, रोप जिवंत आहे ना, मग तक्रार कसली? या जातीला बीपासून फूल यायला १० ते १५ वर्षं लागू शकतात. मोठ्या रोपाची किंमत त्या वर्षांचीच असते. पिल्लू पाठवलं तर पैसे परत द्यायलाच हवेत.

प्रतिसाद:
मी रोपं विकते. आकारात फसवलं तर पैसे परत, यावर वादच नाही. पण 'रोप खराब आलं' या प्रत्येक तक्रारीवर परतावा मागणं अन्यायाचं आहे. बंद खोक्यात ओलं माध्यम (रोप ज्यात लावलेलं असतं ते) सडतं, म्हणून आम्ही मुळं मोकळी करून पाठवतो. प्रवासात कंद सुरकुततात, खालचं एखादं पान पिवळं पडतं. नवी मुळं फुटली की कंद पुन्हा भरतात. घाबरून लोक रोप चिंब मॉसमध्ये (शेवाळात) कोंबतात, मुळं कुजतात आणि मग आम्हाला फोटो येतो. ती कूज माझ्या माथी का?

धागाकर्ती:
म्हणून तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढायचा. मूळ चिमटीत दाबून बघा. टणक लागलं तर जिवंत. साल निसटून हातात नुसता दोरा राहिला, तर ते मूळ गेलेलं. सगळीच मुळं अशी निघाली किंवा फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा गाभा काळा, मऊ पडलेला असला, तर त्यात घेणाऱ्याचा काय दोष? कुरिअर तुम्ही निवडता, जोखीमही तुमचीच.

प्रतिसाद:
परताव्याआधी रोप आलं कुठून ते बघा. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सची शास्त्रीय नोंद १९९९ची, आणि संग्राहकांच्या हव्यासापायी काही वर्षांतच ती जंगलातून जवळजवळ संपली. तुटकी वेडीवाकडी मुळं, जुन्या पानांवर दगडफूल, किड्यांनी कुरतडल्याच्या खुणा असं सगळं एकत्र दिसलं तर रोप रानातून उपटलेलं असण्याची दाट शंका घ्या. सगळी पॅफिओपेडिलम सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. परदेशातून मागवताना परवाना मागा. तो नसेल तर खरेदीच नको, मग रोप कितीही टवटवीत असो.

प्रतिसाद:
देशातल्या देशात घेताना सायटिसचा कागद असतोच असं नाही, मग तो मागून काय उपयोग? त्यापेक्षा विचारावं: बियांपासून बाटलीत वाढवलंय का, मातृरोपं कोणती, आत्ताचा फोटो मोजपट्टीसकट मिळेल का? रोपवाटिकेत वाढवणाऱ्याला ही उत्तरं देता येतात. आणि पाकिटातल्या 'दुर्मीळ ऑर्किडच्या बिया' कोणीही घेऊ नका. त्या धुळीइतक्या बारीक असतात, रानात बुरशीच्या साथीशिवाय आणि घरी प्रयोगशाळेसारख्या निर्जंतुक बाटलीशिवाय रुजत नाहीत.

प्रतिसाद (रोपं विकणारी):
मोजपट्टीचा फोटो मी देईन, पोहोचल्याच दिवशी व्हिडिओ आला तर कुजलेल्या रोपाचे पैसेही देईन. पण घरी कोणी नाही म्हणून पार्सल कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं, तर तो भुर्दंड मी भरणार नाही.

धागाकर्ती:
पहिल्या दोन गोष्टी तुमच्या विक्रीच्या अटींत लिहा. तिसरीही लिहा, म्हणजे पैसे भरण्याआधी कळेल.