सर्वाधिक प्रवासी वाहणारी मेट्रो कोणती? याद्यांमधील आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न : नकाशा

नमस्कार. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. शहरी वाहतुकीच्या पाठासाठी जगातील सर्वाधिक प्रवासी वाहणाऱ्या मेट्रोंचा तक्ता करायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडकले. एका यादीत तोक्यो सर्वांत वर, दुसरीत शांघाय, तिसरीत बीजिंग, आणि सोलचे स्थान तर प्रत्येक ठिकाणी निराळे. दिल्ली मेट्रोने ८ ऑगस्ट २०२५ रोजी ८१.८७ लाख प्रवासांचा उच्चांक नोंदवला, तर लंडनच्या भुयारी रेल्वेचा दिवसाचा आकडा ५० लाखांच्या आसपासच जातो. मग दिल्ली लंडनहून इतकी पुढे आहे, असे मुलांना सांगणे योग्य ठरेल का? चुकीचे काही शिकवायचे नाही, म्हणून विचारते.

प्रतिसाद १ : आकडेमोड

तसे सरळ सांगू नका. दोन्ही आकडे खरे आहेत. पण त्यांत मोजलेली वस्तू एक नाही.

समजा, एक जण रोहिणी पश्चिमला लाल मार्गिकेवर चढला, काश्मिरी गेटला पिवळी पकडली, राजीव चौकात निळी धरली आणि नोएडाला उतरला. त्याने कार्ड एकदाच आत जाताना आणि एकदाच बाहेर पडताना टेकवले. तरीही दिल्लीच्या हिशोबात हे तीन प्रवास होतात, कारण तिथे प्रवाशाने किती मार्गिका वापरल्या ते मोजले जाते. न्यूयॉर्कमध्ये मात्र फाटकातून आत शिरलेला माणूस एकदाच मोजला जातो. आत त्याने कितीही गाड्या बदलल्या तरी आकडा वाढत नाही आणि फाटक चुकवून शिरलेले तर या मोजणीत येतच नाहीत. म्हणजे जाळे जितके दाट आणि बदलाची स्थानके जितकी अधिक, तितका पहिल्या पद्धतीचा आकडा फुगत जातो. बीजिंगने १२ जुलै २०१९ रोजी नोंदवलेला सुमारे १ कोटी ३७.५ लाखांचा उच्चांकही मार्गिका-बदल धरूनच आहे.

वर्षाकडेही काटेकोरपणे पाहा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने २०१९ मध्ये जवळपास १७० कोटी प्रवासी नेले आणि २०२० मध्ये जेमतेम ६४ कोटी. एका शहराचा २०१९चा आकडा आणि दुसऱ्याचा २०२१चा शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या याद्या मी पाहिल्या आहेत. अशा तक्त्यावरून क्रम लावणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

नकाशा

मनापासून आभार. दोन्ही प्रकारचे आकडे एकाच ठिकाणी अधिकृतपणे प्रसिद्ध होतात, असे एखादे उदाहरण आहे का? मुलांना फरक प्रत्यक्ष दाखवता येईल.

आकडेमोड

आहे. चीनचे परिवहन मंत्रालय दरमहा दोन संख्या देते : स्थानकांत शिरलेल्यांची आणि मार्गिका-बदल धरून झालेल्या एकूण प्रवासांची. देशभराचा विचार केला तर पहिली संख्या दुसरीच्या साधारण ६० टक्के भरते. शांघायचा रोजचा जो १ कोटीचा आकडा आपण वाचतो, तो यांपैकी दुसऱ्या प्रकारचा आहे.

सोलचे कोडे वेगळे आहे. तिथे १ ते ८ क्रमांकाच्या मार्गिका चालवणाऱ्या दोन संस्था २०१७ मध्ये एकत्र झाल्या. पण त्याच जाळ्यात राष्ट्रीय रेल्वेच्या आणि इतर कंपन्यांच्या गाड्याही धावतात. त्यांतल्या किती धरायच्या हे यादी करणारा ठरवतो आणि त्यानुसार क्रम बदलतो.

प्रतिसाद २ : ठाणेकर

मुंबईची लोकल या याद्यांत का नाही, हे मुले नक्की विचारतील. महामारीपूर्वी ती दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी नेत असे, पण तिची गणना उपनगरी रेल्वेत होते. मेट्रो म्हणवण्यासाठी इतर वाहतुकीपासून पूर्ण वेगळा मार्ग लागतो आणि आपल्या जलद मार्गांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. मरोळ नाक्याचे उदाहरणही वर्गात सांगता येईल. तिथे मेट्रो १ वरून मेट्रो ३ वर जाणारा प्रवासी दोन वेगळ्या संस्थांच्या आकड्यांत धरला जातो.

प्रतिसाद ३ : तोक्योहून

मी इथे अकरा वर्षे राहतो, म्हणून तोक्योपुरते लिहितो. इथे भुयारी रेल्वेच्या दोन संस्था आहेत, ९ मार्गिकांची तोक्यो मेट्रो आणि महानगर प्रशासनाची ४ मार्गिकांची तोएई. महामारीपूर्वी पहिलीचे दैनंदिन प्रवासी सुमारे ७५ लाख, तर दुसरीचे सुमारे २८ लाख होते. ही बेरीज करून तोक्योला वर बसवतात, पण एकीतून उतरून दुसरीत चढणारा माणूस दोन्हीकडे मोजलेला असतो. कुदानशिता स्थानकात तर या दोन संस्थांचे फलाट शेजारी-शेजारी असून मध्ये भिंत होती. ती २०१३ च्या मार्चमध्ये काढली गेली आणि लोकांचा जिना चढण्या-उतरण्याचा त्रास वाचला. हिशोब मात्र अजून वेगळेच आहेत. शिवाय यामानोते ही शहराला वळसा घालणारी, सदैव भरलेली मार्गिका जेआर या रेल्वे कंपनीची असल्याने मेट्रोच्या यादीत येतच नाही.

प्रवाशाला गर्दी किती जाणवते, हे यांपैकी कोणत्याच संख्येवरून कळत नाही. जपानमध्ये त्यासाठी गर्दीचे प्रमाण काढतात. प्रत्येकाला आसन, कडी किंवा खांब मिळाला तर १०० टक्के. घडी घालून वर्तमानपत्र कसेबसे वाचता आले तर १८०. अंगाला अंग लागून दाब जाणवला, तरी साप्ताहिक हातात धरून वाचता आले तर २००. तोझाई मार्गिकेवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या ऐन वेळेला २०१९ साली हे प्रमाण १९९ टक्के होते आणि पुढच्याच वर्षी १२३ पर्यंत उतरले. दादरहून सकाळची लोकल पकडत आलेल्या मला इथल्या १९९ टक्क्यांतही हात वर करता येत असे. मुंबईत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेचेच मोजमाप आहे. नकाशाताई, तक्त्यात एक रकाना यासाठीही ठेवा.