अनुभव हवेत : बायपोलरच्या गोळ्या आणि दिवसभराची गुंगी

कासवगती

नमस्कार मंडळी. बायपोलरचं (कधी मॅनिया म्हणजे मूडचा अतिउत्साह, कधी नैराश्य) निदान जुनं आहे, औषधं नियमित आहेत, मूडही बऱ्यापैकी ताळ्यावर आहे. कागदोपत्री सगळं छान. फक्त सकाळी मुलाचा डबा करताना मी ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपते. परवा तव्यावर पोळीचा कोळसा झाला. शेजारच्या काकू धूर बघून बेल वाजवत होत्या आणि मला ती बेल स्वप्नातली वाटत होती.

रात्री क्वेटियापिन एसआर ३०० आणि लिथियम घेते. डॉक्टर चांगले आहेत, पण "झोप येते हो" म्हटलं की "उत्तम, झोप हवीच" म्हणतात. ते खोटं नाही. झोप उडाली की माझं काय होतं ते घरच्यांनी पाहिलंय. पण रात्रीची झोप वेगळी आणि दिवसाची गुंगी वेगळी ना? तुम्ही काय बदललंत, कशाने फरक पडला, कशाने काडीचाही पडला नाही, सगळं लिहा. "गोळ्या सोडा, प्राणायाम करा" वाल्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

पहिली पाळी

ताई, गोळी किती वाजता घेता? मी चाकणला सीएनसी मशीनवर आहे, मलाही क्वेटियापिन एसआरच आहे. जेवून, टीव्ही बघून अकराला घ्यायचो. डॉक्टरांनी समजावलं की साधी गोळी तास-दीड तासात चढते, एसआर हळूहळू सुटते आणि सहाएक तासांनी तिचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणजे पहाटे पाचला, नेमका मी बस पकडायला निघतो तेव्हा! आता साडेआठला घेतो, तीही हलकं खाऊन. मटणाच्या जेवणावर घेतली तर रक्तात जास्त चढते, हे त्यांनीच सांगितलं. पंधरवड्याभरात सकाळ मोकळी झाली. पूर्ण नाही, पण मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) लावताना आकडे दोनदा वाचावे लागत नाहीत.

एसआर गोळी मोडून अर्धी घेऊ नका. मोडली की ती एसआर राहत नाही.

दुसरं म्हणजे फिरती पाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी कधी घ्यायची हेच कळायचं नाही आणि मूडही डुगडुगायचा. डॉक्टरांचं पत्र देऊन कायम पहिली पाळी मागून घेतली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे, हे एचआरच्या साहेबांना माहीतच नव्हतं. साहेब कुरकुरले, पण दिली.

गच्चीवरची तुळस

मी रुग्ण नाही, घरचं माणूस आहे. माझे मिस्टर. दोन वर्षांपूर्वी मोठा मॅनियाचा झटका आला, ॲडमिट करावं लागलं. घरी आले ते ओलान्झापिन, व्हॅलप्रोएट आणि क्लोनाझेपाम घेऊनच. सकाळी दहाला उठायचे, अंघोळ करून परत आडवे. माणूस शांत झालाय की नुसता निजलाय, मला समजेना. सासूबाई म्हणायच्या, "आळस अंगात भिनलाय." मी रोज भांडायचे. आधी सासूबाईंशी, मग मिस्टरांशी.

फरक पडला तो एका वहीमुळे. गोळी किती वाजता, झोप कधी लागली, उठले कधी, दुपारी किती वेळ झोपले, एवढंच रोज लिहायला लागले. ती वही डॉक्टर मॅडमपुढे ठेवली. त्यांनी आधी क्लोनाझेपामकडे, म्हणजे शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळीकडे बोट दाखवलं. ती तात्पुरती दिली होती आणि तशीच चालू राहिली होती! तिचा अंश शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळतो, म्हणजे रोज कालच्यावर आजची. ती एकदम बंद करायची नसते, महिन्यांच्या हिशेबाने पाव-पाव कमी केली. मग ओलान्झापिन उतरवलं. ॲडमिट असताना लागलेला डोस पुढेही तेवढाच लागतो असं नाही, पण हे आपण विचारावं लागतं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हा माझा अनुभव.

तरी दुपारची पेंग राहिलीच. वजन चौदा किलो वाढलेलं आणि घोरणं असं की भिंतीपलीकडे ऐकू जाईल. शेवटी झोपेची तपासणी केली, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) निघाला. रात्री तोंडावर मशीन लावून झोपतात, पहिले काही दिवस नातवंडं घाबरायची. तेव्हा सगळी गुंगी गोळीचीच असते असं धरून चालू नका.

अभ्यंकर काकांचा शेजारी

सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधंही बघा. रात्रीच्या गोळीवर सेट्रिझिन घेतली की दुसरा दिवस गेला. दारूबद्दल तर बोलायलाच नको.

भीमाकाठ

तुळसताईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मी पंढरपूरकडचा, लिथियमवर बरीच वर्षं. गेल्या वर्षी हळूहळू सुस्ती वाढत गेली. थंडी सोसेना, पोट साफ नाही, केस गळायचे. मला वाटलं नैराश्य परत आलं. घरच्यांना वाटलं गोळ्या जड झाल्या. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडची तपासणी) वाढलेला. लिथियमने थायरॉईड मंदावतो, म्हणूनच दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघायचं असतं. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) सुरू झालं आणि दोनेक महिन्यांत मी पुन्हा सकाळी उठून गुरांचं बघायला लागलो. लिथियम आहे तसंच आहे. ते बदललं असतं तर उगाच चांगलं औषध हातचं गेलं असतं.

लिथियमची लेव्हल तपासताना आदल्या रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, त्याने लेव्हल चढते. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी चढते. गुंगीबरोबर हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना झोक जाऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

कासवगती

टीएसएच शेवटचा कधी केला, ते फाईलमध्ये शोधतेय. सापडत नाहीये.

निळी छत्री

मी सत्तावीस वर्षांची आहे. व्हॅलप्रोएटवर कॉलेजची शेवटची दोन वर्षं अर्धवट झोपेत काढली. बदल झाला तो मात्र झोपेमुळे नाही, लग्न ठरलं म्हणून. गरोदरपणात व्हॅलप्रोएट बाळाच्या मेंदूला आणि मणक्याला घातक असतं. खरं तर हे मला सोळाव्या वर्षी, पहिली गोळी देतानाच सांगायला हवं होतं. आई-बाबांनाही कुणी बोललं नव्हतं.

आता लॅमोट्रिजिन घेते. याने मला झोप येत नाही, वजन वाढत नाही. पण घाई चालत नाही. २५ मिग्रॅपासून हळूहळू वाढवतात, आणि व्हॅलप्रोएट चालू असताना त्याहूनही कमी, कारण ते लॅमोट्रिजिनची पातळी दुपटीने वाढवतं. अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टर, कारण क्वचित ते जिवावर बेततं. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं. ट्रेकला जाताना मी दोन पिशव्यांत वेगवेगळी ठेवते. इस्ट्रोजेन हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते, तेही विचारून घ्या.

हे औषध नैराश्य रोखायला चांगलं, मॅनियाला तितकं नाही. माझा आजार मुख्यतः खालच्या बाजूचा, म्हणून मला जमलं.

टेम्सकाठी

लंडनहून. क्वेटियापिनवरून ॲरिपिप्राझोलवर गेलो. सकाळी घेतो, गुंगी गेली. पण सुरुवातीला पाय जागेवर राहीनात. मीटिंगमध्ये टेबलाखाली पाय सतत हलायचे, रात्री खोलीत येरझारा. त्याला अकाथिसिया म्हणतात. डोस कमी केल्यावर आटोक्यात आलं. तुम्हाला असं झालं तर मॅनिया येतोय असं समजून घाबरू नका, पण सांगा मात्र नक्की. मध्ये ल्युरासिडोनही घेऊन पाहिलं. ते भरपेट जेवणाबरोबर, निदान ३५० कॅलरींच्या, घ्यावं लागतं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. माझ्या रात्रीच्या जेवणाला वेळ नाही, त्यामुळे सोडून दिलं.

एक गोष्ट बोलायला संकोच वाटतो. गुंगी पूर्ण गेल्यावरही मी काही महिने "मंद झालोय" म्हणत होतो. थेरपिस्टने विचारलं, मंद कशाच्या तुलनेत? माझी तुलना त्या दिवसांशी होती जेव्हा मी चार तास झोपून कविता लिहायचो आणि क्रेडिट कार्ड फुंकायचो. डोस आणखी कमी करून ते दिवस मागत होतो मी.

इथे गाडी चालवणाऱ्याला बायपोलरचं निदान डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवावं लागतं. तिकडे तसं कुणी विचारत नसलं तरी नवी गोळी किंवा नवा डोस सुरू झाल्यावर थोडे दिवस दुचाकी घरीच ठेवा.

कासवगती

गोळी साडेआठला घेण्याचं डॉक्टरांना फोन करून विचारलं. "करून बघा" म्हणाले. टीएसएचही लिहून दिलाय. तोवर सकाळी तीन कप कडक कॉफीवर भागवतेय.

भीमाकाठ

ताई, कॉफीने लिथियम लघवीवाटे जास्त जातं आणि लेव्हल उतरते. उद्या गुंगी गेली म्हणून कॉफी एकदम बंद केलीत तर तीच लेव्हल वर जाईल. जेवढी घेता तेवढी रोज सारखी ठेवा, आणि रक्त द्यायला जाल तेव्हा लिथियमची लेव्हलही त्याच सुईत करून घ्या.